सोबती हवे आहेत, आणि ते तुमच्याच घरात आहेत

मनोरुग्णालयातून किंवा खासगी दवाखान्याच्या मानसोपचार विभागातून माणूस घरी आला, की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. खरं तर सगळ्यांत नाजूक काळ तिथून पुढे सुरू होतो. डिस्चार्जनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचा धोका एरवीपेक्षा कितीतरी जास्त असतो, हे निरनिराळ्या देशांतल्या नोंदींतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. या आठवड्यांत त्या माणसाच्या हाती काय असतं? एक फाइल, गोळ्यांच्या पट्ट्या आणि पुढच्या तपासणीची तारीख. बायपास झालेल्या शेजाऱ्याकडे आपण शहाळं घेऊन जातो. इथे मात्र जिन्यात भेटलेले लोक नजर चुकवतात, नातेवाईक फोनवर आईशी दबक्या आवाजात बोलतात, आणि ज्याच्याबद्दल हे चाललेलं असतं तो आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो.

त्या खोलीच्या दारावर टकटक करणारा माणूस आम्हाला हवा आहे. तो डॉक्टर नको, समुपदेशक नको, ‘मन खंबीर कर’ म्हणणारा मामा तर नकोच. ज्याने अशाच खोलीत स्वतः महिने काढले आहेत आणि जो आज बस पकडून, चहा पिऊन, वेळेवर गोळी घेऊन आपला दिवस पार पाडतो, असा माणूस हवा आहे. त्याला आपण सोबती म्हणू.

म्हणून हे आवाहन सगळ्यांत आधी तुम्हाला आहे, म्हणजे स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य, ओसीडी असा एखादा आजार घेऊन जगणाऱ्या आणि उपचारांनी थोडेफार स्थिरावलेल्या तुम्हाला. स्वमदत गटांत आम्ही तुम्हाला शुभार्थी म्हणतो आणि तुमची काळजी वाहणाऱ्या घरच्यांना शुभंकर. मी शुभंकर आहे, माझा धाकटा भाऊ शुभार्थी. तुम्ही आठवड्यातून दोन तास द्यावेत, एवढंच मागणं आहे. आणि ते तुमच्यासाठीही आहे. सोबत केल्याने सोबत करणाऱ्याची स्वतःची तब्येत बदलते, आणि या बाजूकडे आपण आजवर पाहिलेलंच नाही.

दारूच्या बाबतीत हे जगाला फार पूर्वी कळलं. १९३५ सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एका हॉटेलात एकटाच उभा होता. ज्या व्यवहारासाठी आला होता तो फसला होता, दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते, आणि हॉटेलातला बार समोर गजबजलेला होता. त्याने गावातल्या चर्चना फोन लावले. मागणी एकच, की मला दारूत बुडालेल्या एखाद्या माणसाशी बोलायचं आहे. त्याला उपदेश नको होता, दुसरा दारुडा हवा होता, कारण तो भेटला तरच आपण आज वाचू हे त्याला उमगलं होतं. असा त्याला रॉबर्ट स्मिथ नावाचा शल्यविशारद भेटला आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सुरुवात झाली. त्याच्या आधीचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या पाच महिन्यांत विल्सनने न्यूयॉर्कमध्ये कितीतरी दारुड्यांच्या मागे लागून त्यांना समजावलं होतं. त्यातला एकही टिकला नाही. तो निराश झाला तेव्हा त्याच्या बायकोने दाखवून दिलं, की ते टिकले नसतील, पण या सगळ्या काळात तू प्यायलेला नाहीस.

आता अ‍ॅक्रनहून येरवड्याला या. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेही मनोरुग्णालयाच्या आवारात. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. मुक्तांगणात गेलेल्या कुणालाही विचारा. तिथे आपल्याशी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलणारा कार्यकर्ता पुष्कळदा स्वतःच कधीकाळी तिथे दाखल झालेला असतो. घरातली भांडी विकलेला, बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकलेला. समोर बसलेल्या नव्या माणसाच्या थापा तो एका वाक्यात ओळखतो, कारण त्याच थापा त्यानेही मारलेल्या असतात. महाराष्ट्राने ही गोष्ट इतकी सहज स्वीकारली आहे, की ‘आमचे समुपदेशक पूर्वी पीत होते’ हे सांगताना कुणालाही अवघडल्यासारखं होत नाही. उलट त्यामुळे घरच्यांचा विश्वास वाढतो.

मग ‘आमच्या समुपदेशकाला पूर्वी आवाज ऐकू यायचे, आजही कधी कधी येतात’ या वाक्याने आपण का दचकतो? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराची जी व्याख्या केली आहे, तिच्यात दारू आणि मादक पदार्थांशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात. कायद्याच्या पंगतीत दोघे शेजारी बसलेले आहेत. वाढप्याचं काम मात्र आपण एकालाच देतो.

मदत करणाऱ्यालाच मदतीचा उपचार लागू पडतो, हे फ्रँक रिसमन या अमेरिकी अभ्यासकाने १९६५ साली लेख लिहून मांडलं. पुढे १९९९ साली एक मजेदार गोष्ट प्रसिद्ध झाली. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असलेल्या पाच बायकांना प्रशिक्षण देऊन त्याच आजाराच्या इतर रुग्णांना नियमित फोन करायला सांगितलं होतं. फोन घेणाऱ्यांना किती फायदा होतो, हे मोजायचं होतं. संशोधकांनी नंतर फोन करणाऱ्यांचीही मोजदाद पाहिली, तर खरा बदल त्या पाच जणींमध्ये झालेला दिसला. त्यांचं नैराश्य कमी झालं होतं, आत्मविश्वास आणि स्वतःबद्दलची किंमत वाढली होती, आणि ही वाढ फोन घेणाऱ्यांपेक्षा जास्त होती. पाच हा आकडा फारच लहान आहे आणि तो आजारही मनाचा नाही, तेव्हा यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण गटात वर्षानुवर्षं बसणाऱ्या आम्हा लोकांना हे वाचून नवल वाटलं नाही.

गटात जे दिसतं ते सांगते. आजाराची पहिली दहा वर्षं शुभार्थी फक्त घेत असतो. गोळी घेतो, सूचना घेतो, घरच्यांचा पैसा घेतो, भावाच्या लग्नात मागच्या खुर्चीवर बसायची सूचनाही घेतो. त्याने काही द्यावं अशी कुणाची अपेक्षाच नसते. ‘तू फक्त बरा राहा, बाकी काही करू नकोस’ हे प्रेमाने म्हटलेलं वाक्य त्याला हळूहळू निकामी करत जातं. अशात एक दिवस गटात कुणीतरी नवा मुलगा येतो. विशीतला, नुकताच डिस्चार्ज मिळालेला, औषधांमुळे हात थरथरणारा, वजन वाढलेला. तो खाली मान घालून विचारतो, ‘हे थरथरणं कायमचं आहे का?’ डॉक्टरांनी त्याला उत्तर दिलेलंच असतं. पण पलीकडच्या खुर्चीवरचा पन्नाशीतला माणूस, जो एरवी बैठकभर गप्प असतो, तो म्हणतो, ‘मलाही व्हायचं. मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी गोळी बदलून दिली. तू सांगितलंस का त्यांना?’

एवढंच. त्या मुलाला एक उपयोगाची गोष्ट कळली. पण पन्नाशीतल्या माणसाच्या आयुष्यातली वाया गेलेली म्हणून धरलेली वर्षं त्या क्षणी कुणाच्या तरी कामी आली. लोक ज्याला त्याचा कलंक समजत होते, तीच आता त्याची जाणकारी ठरते. पुढच्या बैठकीला तो दाढी करून येतो. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही, घरच्या लोकांना दाढीचा अर्थ बरोबर कळेल.

आणखीही काही घडतं. दुसऱ्याला ‘गोळी चुकवू नकोस’ म्हणणाऱ्याला आपली गोळी चुकवताना लाज वाटते. शनिवारी चारला कुणीतरी आपली वाट पाहतंय म्हटल्यावर अंथरुणातून उठायला कारण मिळतं, आणि नैराश्यात उठायला कारण मिळणं ही किती मोठी गोष्ट आहे हे ज्याने अनुभवलंय तोच जाणे. आपली हकीकत दुसऱ्याला सांगायची म्हणजे ती आधी आपल्यापाशी नीट लावावी लागते. कधी बिघडायला लागलं, आधी झोप गेली की आधी संशय आला, कुणाचं बोलणं लागलं, कशाने सावरलं. असं सांगता सांगता शुभार्थीला आपल्याच आजाराची धोक्याची खूण ओळखता येऊ लागते. आणि समोरचा सावरताना दिसला की एक गणित मनात आपोआप सुटतं. तो सावरू शकतो, तर मीही सावरलेलाच आहे की.

ही कल्पना नवी नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात वेड्यांच्या विभागाचा कारभार पाहणारा झां-बातीस्त प्युसँ मुद्दाम बरे झालेले रुग्णच परिचारक म्हणून नेमत असे. ते मारझोड करत नाहीत, असा त्याचा अनुभव होता. आजच्या काळात अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याने १९९९ पासून सोबत्यांच्या सेवेला सरकारी आरोग्य योजनेतून पैसे मोजायला सुरुवात केली. हॉलंडमध्ये १९८७ पासून आवाज ऐकू येणाऱ्यांचे गट उभे राहिले, तेही पॅट्सी हेग नावाच्या एका रुग्णबाईने आपल्या डॉक्टरला, मारियस रोम यांना, सतत प्रश्न विचारून भंडावून सोडल्यामुळे. आणि आपल्या दाराशीच म्हणायचं तर पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने गुजरातेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत शुभार्थींना सोबती म्हणून तयार करण्याचं काम केलं आहे. जर्मनी, युगांडा, टांझानिया, इस्राएल आणि भारत अशा पाच देशांत मिळून सोबतीचा जो मोठा प्रयोग झाला, त्यात भारतातर्फे पुणे आणि अहमदाबाद होते. पुण्याच्या लोकांनी अहमदाबादेत करून दाखवलेली गोष्ट महाराष्ट्रात मागायला आपण का लाजतो?

आता एक गोष्ट वकिली न करता सांगायची. सोबत मिळणाऱ्याला नेमका किती फायदा होतो, याचे पुरावे सरळ एका बाजूचे नाहीत. २०१३ साली अकरा चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा सोबत्यांनी दिलेली सेवा व्यावसायिकांच्या सेवेपेक्षा सरसही ठरली नाही आणि कमीही नाही. इंग्लंडमध्ये संकटकाळातले उपचार संपवून घरी गेलेल्या लोकांना सोबती आणि एक वही दिली, ज्यात स्वतःचा सावरण्याचा बेत लिहायचा होता. अशांपैकी वर्षभरात पुन्हा तातडीचे उपचार घ्यावे लागलेले २९ टक्के होते. ज्यांना नुसती वही पोस्टाने मिळाली त्यांच्यात ३८ टक्के. हा अभ्यास २०१८ चा. पण त्याच देशात नंतर झालेल्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण सोबतीमुळे कमी झालं नाही. तेव्हा सोबती म्हणजे जादूची कांडी, गोळ्यांना पर्याय, असं कुणी सांगू लागलं तर त्याच्यापासून दूर राहा. मात्र आशा वाढते, आपल्या आयुष्याची सूत्रं आपल्या हाती आहेत ही भावना वाढते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. ज्याच्या आजाराने आशाच खाऊन टाकली आहे, त्याच्यासाठी एवढं कमी नाही.

डॉक्टर पुरेसे असते तर हे मागणं इतक्या घाईने केलं नसतं. भारतात दर लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पूर्ण येत नाही. २०१९ मधला हिशेब पाऊण माणसाचा आहे. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक त्या वेळी कुठल्या ना कुठल्या मानसिक आजाराने त्रस्त होते, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. (त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपली अवस्था याहून फार वेगळी असेल असं समजायला मात्र काही आधार नाही.) ओपीडीत डॉक्टरांना एका रुग्णामागे जी काही मिनिटं मिळतात, त्यात ‘रात्री झोप लागते का’ एवढंच विचारून होतं. दिवस कसा काढायचा, मित्रांना काय सांगायचं, कामावर परत गेल्यावर कॅन्टीनमध्ये कुठे बसायचं, हे विचारायला जागा उरत नाही. ती जागा सोबती भरू शकतो.

पण यातले धोके लपवून मी तुम्हाला बोलावणार नाही.

सोबत करणं दमवतं. दुसऱ्याची हकीकत ऐकताना आपली जुनी जखम उघडी पडते. ज्याला आपण दर आठवड्याला भेटत होतो त्याचा आजार उलटला, किंवा त्याने जीव दिला, तर ‘माझं काय चुकलं’ हा प्रश्न रात्रभर छळतो. हा प्रश्न डॉक्टरांनाही छळतो, पण त्यांच्या भोवती सहकारी असतात, सुट्टी असते, पगार असतो. म्हणून सोबत्याला एकटं सोडायचं नाही, हा पहिला नियम. दर महिन्याला सोबत्यांनी आपसात आणि एखाद्या जाणत्या समुपदेशकाबरोबर बसलंच पाहिजे. रात्रीचे फोन घ्यायचे नाहीत. यात कठोरपणा नाही. बायपोलर असणाऱ्याची झोप मोडणं म्हणजे उन्मादाच्या लाटेला आमंत्रण असतं, तेव्हा दोनच्या ठोक्याला कुणाचं दुःख ऐकत बसणारा सोबती आठवड्याभरात स्वतः दाखल होऊ शकतो. आपल्याला लागू पडलेली गोळी दुसऱ्याला सुचवायची नाही, कुणाची गोळी बंद करायला सांगायचं नाही. गटातलं गटातच ठेवायचं. याला अपवाद एकच. कुणी मरणाची गोष्ट काढली तर ते गुपित राहत नाही, घरच्यांना आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. आणि स्वतःला बरं वाटेनासं झालं तर महिना-दोन महिने थांबायचं. थांबलेल्या सोबत्याकडे गटाने जायचं, त्याने गटाकडे येण्याची वाट पाहायची नाही.

सगळ्यांनी सोबती व्हायलाच हवं असंही नाही. एखाद्याला आपला आजार मागे टाकून बँकेत नोकरी करायची असेल, कविता करायच्या असतील, काहीच करायचं नसेल, तर तो त्याचा हक्क आहे. आजार झाला म्हणून समाजसेवेची सक्ती झाली, असं होऊ नये.

आणखी एक भीती आहे, आणि ती मला सगळ्यांत खरी वाटते. शुभार्थींचा वापर. दहा ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन येतो. त्या दिवशी एखाद्या शुभार्थीला व्यासपीठावर बसवून त्याची कहाणी सांगायला लावायची, टाळ्या, शाल, नारळ, गुलाबाचं फूल, फोटो. अकरा तारखेला त्याला कुणी ओळखत नाही. किंवा दुसरा प्रकार, की रुग्णालयात माणसं कमी पडतात म्हणून सोबत्याकडून फुकटात फायली उचलून घ्यायच्या, रांगा लावून घ्यायच्या. असं करायचं असेल तर बोलावू नका. सोबत्याला प्रशिक्षण हवं, ठरलेलं काम हवं, प्रवासखर्च हवा आणि नियमित काम असेल तर पगार हवा. त्याच खोलीत समुपदेशक पगार घेतो आणि शुभार्थी ‘अनुभवासाठी’ येतो, हे चालणार नाही.

म्हणून सरकारकडे मागणं आहे. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांत सोबत्यांची पगारी पदं मंजूर करा आणि डिस्चार्जनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांचं काम त्यांच्याकडे द्या. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आठवड्यातून एक दिवस सोबत्याची खुर्ची असू द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजाराला दिव्यांगत्वात धरलं आहे आणि सरकारी नोकऱ्यांत त्यासाठी जागाही ठेवली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णांच्या हक्कांसाठीच्या पुनर्विलोकन मंडळांवर मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना, काळजीवाहूंना किंवा त्यांच्या संस्थांच्या प्रतिनिधींना बसायचा अधिकार दिला आहे. त्या खुर्च्यांवर ओळखीतल्या संस्थाचालकांना बसवण्याआधी शुभार्थींना विचारा.

डॉक्टरांनो, तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी कोण स्थिरावला आहे, कोणाला बोलायला आवडतं, हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. ‘तुम्ही आता दुसऱ्याला सांगू शकाल’ असं तुम्ही एकदा म्हणालात, तर त्याचं वजन आमच्या दहा पत्रकांपेक्षा जास्त आहे. त्याची प्रकृती बिघडण्याची चिन्हं कोणती आणि तशी दिसल्यास कुणाला कळवायचं, हे मात्र आधी त्याच्याशी बोलून लिहून ठेवा.

घरच्यांनो, तुमची अडचण मला परकी नाही. ‘उद्या धाकटीचं लग्न जमवायचंय, याने गावभर सांगितलं तर?’ हा प्रश्न आमच्याही घरात विचारला गेला. त्याचं उत्तर असं, की सोबती होण्यासाठी गावभर सांगावं लागत नाही. गटात आडनाव न लावता बसता येतं, फोटो काढायला मनाई करता येते, वर्तमानपत्रात नाव देणं तर कुणीच मागत नाही. ज्याला उघडपणे बोलायचं आहे त्याला बोलू द्या, ज्याला नाही त्याला झाकून काम करू द्या. पण ‘तुला झेपणार नाही’ हे वाक्य निदान सहा महिने बोलू नका. झेपलं नाही तर तो परत येईल, घर आहेच. त्याला एकट्याने बसने जाऊ द्या. उशीर झाला तर एकदाच फोन करा.

सार्वजनिक वाचनालयं, शाळा, गणेश मंडळांची कार्यालयं, ज्येष्ठ नागरिक संघ, देवस्थानं यांच्याकडे मागणं अगदी साधं आहे. महिन्यातून दोनदा, दुपारी चार ते सहा, एक खोली. दहा-बारा खुर्च्या किंवा सतरंजी, चालू पंखा, आणि जवळपास स्वच्छतागृह. गोळ्यांमुळे अनेकांना वारंवार लघवीला जावं लागतं, तहान लागते, तेव्हा पिण्याचं पाणीही. दारावर ‘मनोरुग्णांची बैठक’ अशी पाटी लावू नका. भाडं शक्य तेवढं कमी ठेवा. बैठक चालू असताना खिडकीतून डोकावणाऱ्यांना हटकणारा एखादा शिपाई मिळाला तर फारच बरं.

पुणे-ठाण्यात गट आहेत. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, जी कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी आपल्या घरातल्या अनुभवातून उभी केली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९९० पासून काम करणारी आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आहे, साताऱ्यात परिवर्तन संस्था आहे. जवळ असाल तर तिथे जा. पण हे आवाहन लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे तालुक्याची गावं आहेत. महिन्यातून एकदा डॉक्टर येतात, औषधाच्या दुकानात ‘ती गोळी’ म्हणून कागदात गुंडाळून पट्टी मिळते, आणि एकाच गल्लीत चार घरांत तोच आजार असून एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो, अशी गावं. तिथे संस्था येण्याची वाट पाहू नका. दोन शुभार्थी, एक शुभंकर आणि आठवड्यातून एकदा फोनवर सल्ला द्यायला तयार असलेला एक डॉक्टर किंवा समुपदेशक, एवढ्यावर गट सुरू होतो. पहिल्या बैठकीला कुणीच आलं नाही तरी दुसरी ठरल्या वेळी घ्या. नवीन माणूस आला तर त्याला बोलायचा आग्रह करू नका, चहा द्या. बोलायचं तेव्हा बोलेल. काही जण तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत तोंड उघडत नाहीत, आणि मग थांबत नाहीत.

सुरुवात या महिन्यातच करा. तुमच्या ओळखीत नुकताच डिस्चार्ज मिळालेला कुणी असेल तर गट सुरू होईपर्यंतही थांबू नका. त्याच्या घरच्यांना आणि मुख्य म्हणजे त्याला विचारून भेटायला जा, आणि शक्य झालं तर त्याच वाटेने गेलेल्या, आता स्थिरावलेल्या कुणाला तरी बरोबर न्या. अर्ध्या तासाहून जास्त बसू नका. पुन्हा कधी येणार तो दिवस सांगून निघा, आणि त्या दिवशी जा.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला आत्ताच, आजच कुणाशी तरी बोलायची निकड असेल, मरणाचे विचार येत असतील, तर बैठकीची वाट पाहू नका. टेलिमानसचा क्रमांक १४४१६. सरकारी सेवा आहे, फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं.